तिसऱ्यांदा झोपवलेली नाशपाती

पार्टेकाकांनी आपल्या नाशपातीच्या झाडाला तिसऱ्यांदा झोपवलं, तेव्हा मार्च संपत आला होता. पाचगणीच्या बाजारात स्ट्रॉबेरीचे शेवटचे खोके लागले होते आणि डोंगरावरच्या एकूण एक झाडाला पालवी फुटून गेली होती. अपवाद फक्त दोन. एक झाड काकांच्या परसात आणि दुसरं भिंतीपलीकडे, सुवर्णावहिनी राजपुरे यांच्या परसात. दोन्ही उघडीबोडकी उभी होती. टेबललँडकडे जाणारे पर्यटक थांबून त्यांच्याकडे बघत. एकाने तर ही वाळलेली झाडं तोडून घ्यायची असतील तर आपल्या ओळखीचा माणूस आहे, असंही सुचवलं होतं. काकांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

झाडं वाळलेली नव्हती, झोपलेली होती. आणि ती काकांची लेक ईश्वरी हिच्या रजेसाठी झोपलेली होती.

दत्तात्रय पार्टे हे इथल्या एका निवासी शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. काचेची भांडी धुण्यात आणि मुलांना आम्लाच्या बाटल्यांपासून लांब ठेवण्यात त्यांची नोकरी सरली. मुलं त्यांना पार्टेकाका म्हणत, मग गावही म्हणायला लागलं. ईश्वरी, म्हणजे ईशू, दहावीत असतानाच तिची आई गेली. ईशूने पुढे वृद्धांच्या शुश्रूषेचं शिक्षण घेतलं, जपानी भाषा घोटली आणि जपानातल्या तोत्तोरी नावाच्या गावी एका वृद्धाश्रमात नोकरीला लागली. तो सगळा मुलूख नाशपातीच्या बागांचा. आपल्याकडे मिळते ती लांबट, मऊ पडणारी नाशपाती नव्हे; ही सफरचंदासारखी गोल, चावली की कडकन मोडणारी आणि रसाने हनुवटी भिजवणारी. जायच्या आधीच ईशूने एका रोपवाटिकेतून तिची दोन कलमं आणली होती. तांबूस सालीचं कलम घरी लावलं आणि हिरव्या सालीचं वहिनींच्या दारात.

दोन का, तर नाशपातीला स्वतःचा पराग चालत नाही. फुलाच्या आत स्वतःच्याच झाडाचा पराग पडला तर ते त्याला ओळखतं आणि रुजू देत नाही. दुसऱ्या जातीचं झाड जवळ हवं आणि दोघांना एकाच आठवड्यात बहर यायला हवा, म्हणजे मधमाश्या मधली ने-आण करतात. थोडक्यात, या दोन घरांना फळं खायची असतील तर ती मिळूनच खावी लागणार होती.

आता थंडीचं. नाशपाती थंड मुलखातलं झाड. पानगळीनंतर तिच्या कळ्यांमधल्या एका जनुकाचं कुलूप लागतं आणि कळी झोपते. मग थंडीच्या प्रत्येक तासागणिक त्या जनुकावर बारीक रासायनिक खुणा उमटत जातात. पुरेशा खुणा झाल्या की जनुक गप्प होतं, कुलूप उघडतं आणि कळीला कळतं, हिवाळा सरला. झाड अक्षरशः थंडीचे तास मोजतं. पाचगणीला माणसं कानटोप्या घालतात, पण नाशपातीच्या हिशेबात ती थंडीच नव्हे. त्यामुळे पूर्वी कोणी इथं असं झाड लावलं असतं, तर ते अर्धवट पेंगत राहिलं असतं. एक फांदी फुललेली, दुसरी ढिम्म.

हिवाळे सगळीकडेच उबदार व्हायला लागले आणि थंड देशांतले बागायतदार हवालदिल झाले, तेव्हा शास्त्रज्ञांनी ते कुलूप बाहेरून उघडायची युक्ती काढली. आरएनएचे छोटे तुकडे तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांत भरून कळ्यांवर फवारायचे. ते आत शिरून त्या जनुकाला गप्प करतात. झाडाला वाटतं, आपण हिवाळा काढला. मग अवकाळी गारपिटीपासून बहर वाचवावा म्हणून त्यांनी उलटं औषधही काढलं. ते मारलं की कुलूप पुन्हा लागतं आणि झाड सहा-सात आठवडे झोपून राहतं. पिवळ्या बुचाची बाटली जागं करायची, निळ्या बुचाची झोपवायची. आता दोन्ही बाटल्या कृषी सेवा केंद्रात युरियाच्या पोत्याशेजारी मिळत.

बहर आल्यापासून साधारण साडेचार महिन्यांत फळ तयार होतं. म्हणजे फळ कधी हवं ते ठरवा आणि मागे मोजत या. ईशूला जपानातल्या मे महिन्याच्या सुट्ट्यांमध्ये आठवडाभर रजा मिळायची. काका डिसेंबरच्या सुरुवातीला पिवळी बाटली फवारत, वहिनीही त्याच दिवशी फवारत, आणि मे महिन्यात लेक दारात उतरायची तेव्हा फळं झाडावर तयार असायची. ईशू आल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही, असा दोन्ही घरांचा नेमच होऊन गेला. अशी तीन वर्षं गेली. या तीन वर्षांत काकांना आपण फार मोठी गोष्ट साधली आहे असं वाटायला लागलं होतं, आणि वाटणारच.

चौथ्या वर्षी डिसेंबरात ईशूचा फोन आला. मे महिन्यातली रजा गेली होती, आता जुलैत मिळेल म्हणाली. झाड थांबेल ना, असं तिने विचारलं. थांबेल की, आपल्या हातात आहे, काका म्हणाले. नुसतं सोडलं तर झाड अर्धवट फुलेल, म्हणून त्यांनी निळी बाटली फवारली आणि भिंतीवरून वहिनींना हाक मारून सांगितलं की यंदा पुढं ढकललंय. वहिनी बरं भाऊजी म्हणाल्या आणि खुंटीवरचा पंप काढून आणला.

फेब्रुवारीत जुलैचं ऑगस्टवर गेलं. मार्चअखेरीस ऑगस्टचं दिवाळीवर गेलं. दर वेळी काका झाड थांबेल म्हणाले, दर वेळी वहिनी बरं म्हणाल्या. औषधाबरोबरच्या कागदावर, एका हंगामात तीन वेळा झोपवता येतं, असं छापलेलं होतं. काकांनी तो कागद भिंग लावून दोनदा वाचला होता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनी भाचीच्या लग्नाला वाईला गेल्या आणि झाडांना पाणी घालायचं काम काकांवर आलं. वहिनींच्या परसात खाली कातळ आहे, माती जेमतेम कमरेइतकी. काका पाइप घेऊन नाशपातीजवळ गेले आणि थबकले. खोडाची साल आक्रसली होती. त्यांनी एक डहाळी वाकवून बघितली तर ती वाकली नाही, मोडली.

त्यांनी ती मोडकी डहाळी खिशात टाकली. घरी येऊन आपल्या झाडाचीही एक कापली. मग कपाटातून आयोडीनची तपकिरी बाटली काढली. शाळेत दर वर्षी सहावीच्या मुलांपुढे बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकायचं काम त्यांचंच असे. पिष्ट, म्हणजे स्टार्च, असेल तिथे थेंब काळानिळा होतो. काकांनी दोन्ही डहाळ्या आडव्या कापल्या आणि एकेक थेंब टाकला. त्यांच्या डहाळीवर सालीच्या आत एक फिकट निळी कड उमटली. वहिनींच्या डहाळीवर काहीच झालं नाही. थेंब होता तसा तपकिरी राहिला.

काय झालं ते समजायला त्यांना वेळ लागला नाही. झाड झोपलं तरी श्वास घेत असतं. पावसाळाभर पानांनी कमावून खोडामुळांत साठवलेलं पिष्ट ते झोपेत थोडं थोडं जाळतं. थंड मुलखात हे जळणं नावापुरतं असतं. पण हवा दहा अंशांनी तापली की जळण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. औषधाचे प्रयोग झाले होते बर्फ पडणाऱ्या देशांत. इथं त्यांनी झाडाला डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत उन्हात झोपवून ठेवलं होतं, अन्नाचा कण आत न जाऊ देता. पान असेल तर झाड खाणार, आणि पान फुटूच दिलं नव्हतं. त्यांचं झाड खोल मातीत होतं म्हणून कसंबसं तगलं होतं, वहिनींचं पार उपाशी पडलं होतं. एकतीस वर्षं पोरांना पिष्ट म्हणजे काय ते दाखवणाऱ्या माणसाला हे आधी सुचू नये, याची काकांना फार लाज वाटली.

दोन दिवसांनी वहिनी परत आल्या. काका त्यांच्या पायरीवर बसूनच होते. त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. वहिनींनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीतच नखानं साल खरवडून बघितली व्हती. आतला हिरवा रंग कमी झालाय म्हणलं."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलायचं, भाऊजी? तुम्ही लेकीची वाट बघताय. त्यात माझ्या झाडाचं रडगाणं कुठं लावू? अन ईशू काय मला परकी हाय व्हय?"

वहिनींना मूलबाळ नव्हतं. ईशूची आई गेल्यावर दोन वर्षं तिच्या वेण्या वहिनींनीच घातल्या होत्या. आपलं झाड मरतंय हे रोज खिडकीतून बघतही ही बाई बरं भाऊजी म्हणत राहिली होती, आणि स्वतःच्या हाताने फवारा मारत राहिली होती. काकांना तिच्यावर रागवावं की तिच्या पाया पडावं, कळेना.

उपाय एकच होता. वहिनींचं झाड लगेच जागं करायचं. पण नाशपाती आधी फुलते आणि मग पालवते. उरलंसुरलं बळ फुलांवर गेलं तर पानांना काही राहणार नाही, तेव्हा कळ्या उमलायच्या आत सगळ्या खुडून टाकायच्या. एवढं करून झाड जगेलच असं नाही.

मग वहिनींनीच तोड काढली. माझ्या कळ्या खुडाल त्यातला पराग सुकवून फ्रीजमध्ये ठेवा, त्या म्हणाल्या. आधीही एकदा बहर मागेपुढे झाला तेव्हा त्यांनी तसं केलं होतं. तुमचं झाड अजून महिनाभर दम धरेल. मेच्या मध्यात जागं करा, कुंचल्यानं पराग लावा, दिवाळीला ईशूपुरती फळं होतील. काका घरी आले आणि त्या फिकट निळ्या कडेकडे बघत बसले. महिनाभर ती पुरली असती, कदाचित. आणि हे त्यांना मनापासून करावंसं वाटत होतं, हे खोटं कशाला बोला.

रविवारी सकाळी ईशूचा फोन आला. काकांनी झाडांची हकिगत सांगितली. ती हळहळली, काकूचं झाड वाचेल ना असं तीनतीनदा विचारलं, आणि मग म्हणाली की आपलं तरी दिवाळीपर्यंत राहील ना.

"ईशू, खरं सांग," काका म्हणाले. "दिवाळीला नक्की येतेस?"



तेव्हा ती सांगायला लागली. मे महिन्यातली रजा गेली नव्हती, तिने दिली होती. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका फिलिपिनो बाईचं लहान मूल आजीकडे होतं, तिला नेमके तेच दिवस हवे होते. जुलैतली रजा एका नेपाळी मुलीच्या भावाच्या लग्नासाठी गेली. ऑगस्टमध्ये जपानी लोक पितरांच्या भेटीला आपापल्या गावी जातात, तेव्हा तिच्या वरिष्ठ बाईंनी नुसतं तिच्याकडे बघितलं होतं. आणि दिवाळीच्या आठवड्याबद्दलही आता एकीने विषय काढून ठेवला होता.

"मला नाही म्हणता येत नाही, पप्पा. प्रत्येकाकडे काहीतरी कारण असतं, जे थांबू शकत नाही. माझ्याकडे काय आहे? मी सांगते, माझ्या पप्पांचं झाड थांबतं, तुम्ही जाऊन या."

काकांना राग यायला हवा होता, पण आला नाही. खिडकीतून त्यांना वहिनींची भिंत दिसत होती. ही पोर त्या भिंतीपलीकडे वाढली होती आणि तिकडचीच भीड घेऊन परदेशी गेली होती. तिला तोंड उघडायला लावणारी एकच गोष्ट जगात होती, ती म्हणजे पिकून गळायला आलेली फळं. ती गोष्ट त्यांनी स्वतःच्या हाताने निळ्या बाटलीत बंद केली होती. वर पुन्हा दर वेळी अभिमानाने सांगितलं होतं, की थांबेल.

"झाड आता थांबणार नाही," ते म्हणाले. "दोन्ही आजच जागी करतोय. दोन्हींच्या कळ्या खुडणार. यंदा फळ नाही."

"मग मी येऊन काय करू?"

तिने हे तोडून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, आल्यावर काय काम आहे अशा थाटात. आणि काकांच्या लक्षात आलं, की चार महिने आपण हिच्याशी फक्त झाडाबद्दल बोललो आहोत.

"मला भेट," ते म्हणाले. "मला करमत नाही, ईशू."

आश्रमात जेवणं वाढायची वेळ झाली म्हणाली आणि फोन ठेवला. काका पिवळी बाटली घेऊन परसात गेले.

एप्रिलअखेर दोन्ही झाडांवर कळ्या आल्या. काका आणि वहिनी शिडी लावून चार दिवस त्या खुडत होते. पांढऱ्या टपोऱ्या कळ्यांनी बादल्या भरल्या. वहिनी आपल्या झाडाच्या कळ्या दोन बोटांनी अलगद काढत होत्या आणि काकांच्या झाडाच्या भराभर. मेमध्ये काकांच्या झाडाला पानं आली. वहिनींच्या झाडाच्या तीन फांद्यांपैकी दोन गेल्या, एक हिरवी झाली. गेलेल्या दोन काकांनी करवतीने कापल्या आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दिवाळीला ईशू आली नाही. ते दिवस तिने आधीच देऊन टाकले होते. पण फोनवर ती आता झाडाच्या आधी काकांची चौकशी करायला लागली होती, आणि काकाही मोकळेपणाने उत्तरं देत होते. गुडघे दुखतात, डावा डोळा पाणावतो, दुपारी घर खायला उठतं.

पुढच्या हिवाळ्यात काकांनी तारखा मागे मोजल्या नाहीत. दोन्ही झाडांची पानं गळाली, तेव्हा त्यांनी वहिनींना विचारून, दोन्हींच्या डहाळ्या तपासून, कातळावरचं झाड पुरेसं सावरलं आहे अशी खात्री झाल्यावरच पिवळी बाटली काढली. तोवर डिसेंबर संपत आला. जानेवारीत बहर आला, तेव्हा त्यांनी ईशूला कळवलं की फळं वीस मेच्या पुढे तयार होतील. तुझी रजा पहिल्या आठवड्यात, तेव्हा तुला काही मिळायचं नाही. हे सांगताना त्यांचा जीव टांगणीला लागला होता. थोडं अलीकडे आणता आलं नसतं का, असं तिने विचारलं असतं तर वहिनींच्या झाडासाठी थांबलो, हे उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं, पण ते द्यायची त्यांना मुळीच इच्छा नव्हती.

तिने विचारलं नाही. असू दे, म्हणाली. पुढे म्हणाली की यंदाही त्या आठवड्यासाठी एकीने शब्द टाकला होता. तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं. कारण काय सांगितलंस, असं काकांनी विचारलं. पप्पांना करमत नाही असं सांगितलं, ती म्हणाली, आणि ते कारण सगळ्यांना लगेच पटलं.

मे महिन्यात ती आली. पाखरं-किडींपासून जपायला मेणकागदी पिशव्यांमध्ये बांधलेली फळं झाडभर लटकली होती. तिने एक पिशवी सोडून बघितली. तांबूस रंग धरायला लागला होता. नाशपाती तयार झाली की नुसती वर उचलल्यावर देठापासून सुटून हातात येते, तशी तिने उचलून बघितली. ती सुटली नाही. ईशू जायच्या आदल्या दिवशी काकांना राहवेना, त्यांनी कात्री आणली. एखादं कापून देतो, घेऊन जा, म्हणाले. पण हे फळ तोडून ठेवलं तर पिकत नाही, होतं तेवढंच गोड राहतं. ईशूने कात्री त्यांच्या हातातून काढून घेतली. राहू द्या पप्पा, त्यांचं त्यांना होऊ द्या, म्हणाली.

त्या आठवड्यात तिने फार काही केलं नाही. काकूच्या पायरीवर बसून वाटाणे सोलले. आणि एका दुपारी कोमट पाण्याचं घमेलं घेऊन काकांसमोर बसली, त्यांचे पाय त्यात बुडवले आणि वाढलेली नखं कापून दिली. वाकता येत नाही म्हणून ती कितीतरी दिवस तशीच राहिली होती. काका हे कोणाला बोलले नव्हते. तिकडे ती रोज दहा म्हाताऱ्यांची नखं कापायची, त्यामुळे तिला नुसत्या चपलेवरच्या ओरखड्यांवरून कळलं होतं. ती मान खाली घालून एकेक बोट पुसत होती आणि काका तिच्या भांगाकडे बघत बसले होते.

ती गेल्यानंतर सोळाव्या दिवशी पहिलं फळ उचललं तसं हातात आलं. काकांनी ते वहिनींच्या पायरीवर नेऊन कापलं. वहिनींच्या एका फांदीवरही सात-आठ फळं धरली होती. दोघांनी फोड खाल्ली, रस मनगटापर्यंत ओघळला. मग काकांनी ईशूला फोन लावला. ती कामावर होती, आवाज खाली ठेवून बोलत होती.

"गोड आहे का?" तिने विचारलं.

"गोड आहे," काका म्हणाले. "पण तू होतीस, ते दिवस याहून बरे होते."